पांढरी माशी आजारी का पडत नाही

मे महिन्यात आमच्या कीटकगृहाचा एसी बंद पडला आणि माझ्या आयुष्यातला सगळ्यात वैतागाचा आठवडा सुरू झाला.

कीटकगृह म्हणजे फार भव्य काही नाही. एक बंद खोली, दिवे लावलेले रॅक आणि बारीक जाळीचे पिंजरे. पिंजऱ्यांत कुंडीतली रोपं आणि रोपांच्या पानांखाली पांढरी माशी. नाव माशी असलं तरी घरातल्या माशीची ती कोणी लागत नाही. तांदळाच्या कणीहून लहान असते. रोप जरा हललं की कुणी पिठावर फुंकर मारल्यासारख्या सगळ्या उठतात आणि क्षणात पुन्हा पानांखाली जाऊन बसतात. पानातला रस पिणं एवढंच त्यांचं काम. पण ते करता करता त्या एका झाडाचा रोग दुसऱ्या झाडाला देतात. टोमॅटोची पानं वाटीसारखी वर वळतात, झाड खुजं राहतं, फळ धरत नाही, तो रोग एका व्हायरसमुळे होतो आणि तो व्हायरस गावभर पोचवणारी हीच ती माशी.

मी पुण्यातल्या एका शेतकी संस्थेत पीएचडीनंतरचं संशोधन करत होते. विषय असा, की हा व्हायरस माशीच्या पोटात जातो, आतड्याची भिंत ओलांडून तिच्या रक्तात उतरतो, तिथून लाळेत पोचतो आणि पुढच्या झाडात शिरतो. म्हणजे तिच्या अख्ख्या शरीराची सहल करतो. त्यात झाड मरायला टेकतं, पण माशी मजेत असते. असं का? तिचं शरीर या पाहुण्याशी भांडतं का, आणि भांडत असेल तर जिंकत का नाही?

हे मी लोकांना सांगते तेव्हा समोरचा माणूस मान डोलावतो आणि म्हणतो, "बरं, मग औषध काय मारायचं?" नातेवाईक मला जास्वंदीवर बसलेल्या कापसासारख्या किड्याचे फोटो पाठवतात. ती पांढरी माशी नसते, तो वेगळाच किडा असतो. मी तसं लिहिते. मग विचारतात, "पण औषध काय मारायचं?"

मी मूळची यवतमाळकडची. बाबा शाळेत शिक्षक होते, पण शाळेच्या चारी बाजूंना कपाशीच होती. पुण्याला शिकायला आले तेव्हा आता कापूस फक्त अंगावरच्या कपड्यांत भेटेल असं वाटलं होतं. झालं काय, तर टोमॅटोचा हा व्हायरस कपाशीत जगत नाही. त्यामुळे ज्या माश्यांच्या अंगात व्हायरस नकोच आहे, त्या कपाशीवर वाढवाव्या लागतात. इतकी वर्षं मी पुण्यात कुंड्यांमध्ये कपाशी लावतेय. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग यवतमाळ काय वाईट होतं?"

तर एसी. दुरुस्तीवाला आला, स्टुलावर चढून बघितलं, "कॉम्प्रेसर गेला" म्हणाला आणि स्वतःही गेला. नवीन भाग मागवायला मंजुरी हवी होती, मंजुरी देणारे साहेब रजेवर होते. खोली दुपारपर्यंत भट्टी झाली. माझ्या मार्गदर्शक मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या आणि पदराने वारा घेत म्हणाल्या, "व्हायरसवाल्या माश्या छोट्या कपाटात हलव, त्याचं कूलिंग वेगळं आहे. पण तिथे एवढ्याच मावतील. स्वच्छ माश्या तू घरी ने."

"मॅडम, घरी?"

"तुझ्या बेडरूमला एसी आहे ना?"

"आहे, पण—"

"मग माझ्या घरी आणतेस का? माझ्याकडे पंखा आहे."

पुण्यात पन्नाशी ओलांडलेल्या माणसाशी वाद घालायचा नसतो, हे मला एव्हाना कळलं होतं. मी पिंजरे पातळ चादरींत गुंडाळले, दोन फेऱ्यांत टॅक्सीने येरवड्याला आणले. आम्ही तिथे एका सोसायटीत वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. दुसऱ्या फेरीला मी शेवटचा पिंजरा घेऊन लिफ्टमध्ये शिरले आणि दार बंद होता होता सोसायटीचे सेक्रेटरी आत आले. सत्तरीचे, ताठ, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांना सगळे काका म्हणायचे, पण कुणी लाडाने म्हणत नसे.

"हे काय नेताय आपण?"

मी थकले होते. खोटं सुचायला ताकद लागते. म्हटलं, "माश्या आहेत काका. संशोधनाच्या."

"माश्या."

"हो. पण काळजीचं काही नाही, यांच्यात व्हायरस नाहीये."

त्यांचं बोट बटणावर होतं, ते तिथेच थांबलं. "नाहीये म्हणजे? असतो का?"

"एरवी असतो. पण तो टोमॅटोचा असतो, माणसाला काही करत नाही. आणि ज्यांच्यात आहे त्या लॅबमध्ये ठेवल्यात."

"अस्सं. म्हणजे त्या लॅबमध्ये आणि ह्या आमच्यात."

ते लिफ्टमधून उतरले आणि जिन्याने गेले.

नवरा खराडीहून ऑफिस संपवून आला तेव्हा बेडरूममध्ये पिंजरे होते, एसी होता, रोपांसाठी लावलेला जांभळा दिवा होता, आणि आमच्या गाद्या हॉलमध्ये. त्याने सगळं ऐकून कपाळावर हात मारला.

"तू प्लांट्स म्हणायचं ना! सिंपल. इनडोअर प्लांट्स. अख्खी सोसायटी मनी प्लांट घेऊन येते लिफ्टमधून."

"खोटं बोलू?"

"खोटं कुठंय? प्लांट्स आहेतच की. तुला व्हायरस शब्द काढायची काय गरज होती? लोक अजून त्यातून बाहेर नाही आलेत."

मी म्हटलं, माझ्या वाक्यात "नाही" हा शब्दही होता. तो म्हणाला, तो कुणी ऐकत नाही.

त्याचंच खरं निघालं. सोसायटीच्या ग्रुपवर संदेश आला. "सर्व सभासदांस कळविण्यात येते की बी विंगमधील एका भाडेकरूने सदनिकेत व्हायरससंबंधित कीटक आणले आहेत. चौकशी सुरू आहे. कृपया घाबरून जाऊ नये." घाबरून जाऊ नये हे वाचल्याबरोबर सगळे घाबरले. कुणाच्या मुलाला सकाळपासून खोकला होता. कुणी विचारलं, मास्क लावायचा का. कुणाला आमच्या खिडकीत जांभळा उजेड दिसला होता, त्याचा काय संबंध. मी स्वयंपाक बाजूला ठेवून एक लांब, मुद्देसूद, शांत संदेश लिहिला. हे कीटक चावत नाहीत. फक्त पानांचा रस पितात. यांच्यात कुठलाही व्हायरस नाही. असता तरी तो टोमॅटोच्या जातीच्या झाडांनाच होतो. त्यावर तीन अंगठे आले आणि एक प्रश्न आला, "पण चावतात का?"

"चावत नाहीत," मी लिहिलं. "त्यांना दात नसतात."

"मग व्हायरस कसा सोडतात?"

मी फोन पालथा घातला.

दुसऱ्या दिवशी काका स्वतः आले. मी नेमकी पिंजऱ्यातून माश्या वेगळ्या काढत होते. त्यासाठी एक काचेची नळी असते, तिला रबरी नळी जोडलेली असते आणि तिचं टोक तोंडात धरून हवा ओढली की माशी काचेत येते. मध्ये जाळी असते, तोंडात काही जात नाही. पण बाहेरून दिसतं ते असं, की एक बाई झाडावरच्या माश्या स्ट्रॉने पितेय. काका दारात उभे होते. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला समजावून सांगायचीही इच्छा राहिली नाही.

"बसा ना काका."

"बसायला नाही आलो. बसण्यासारखी जागा घरात उरली आहे का, ते बघायला आलो."

"मी ग्रुपवर सगळं लिहिलंय."

"वाचलं. मला एक सांगा. ह्या माशीच्या अंगात व्हायरस गेला तर ती मरते का?"

"नाही."

"आजारी पडते?"

"तशी नाही. म्हणजे तोच माझा अभ्यासाचा—"

"म्हणजे धडधाकट दिसते आणि आत व्हायरस घेऊन फिरते. मग ही व्हायरस नसलेली आहे, हे तुम्ही कशावरून म्हणता? चेहऱ्यावरून?"

चिडचिड अशासाठी झाली, की प्रश्न बरोबर होता. म्हटलं, "तपासून. आम्ही त्यांच्यातल्या काही माश्या ठरावीक दिवसांनी चिरडून चाचणी करतो. तुमच्या कोरोनाच्या वेळी नाकातून घेऊन करायचे तशीच."

कोरोना हा शब्द ऐकल्यावर त्यांचा आवाज बदलला. "हे बघा, तुमच्याकडे असेल घरात किडे पाळायची पद्धत. इथे नाही. रविवारी सोसायटीत डासांसाठी धूर मारणार आहेत. सगळे जिने, सगळे मजले, खिडक्यांच्या खालून. त्याआधी हे हलवा, किंवा हलवू नका. धूर त्याचं काम करेल."

तुमच्याकडे! म्हणजे यवतमाळकडे. डासांचा तो धूर जाळीतून आत गेला असता तर पिंजऱ्यातलं काहीही वाचलं नसतं. या माश्या आम्ही किती पिढ्या सांभाळत आणल्या होत्या, एकीतसुद्धा व्हायरस शिरू न देता. मी नळी ठेवली आणि म्हटलं, "काका, तुम्हाला व्हायरसच बघायचाय ना? चला गच्चीवर."

"गच्चीवर काय आहे?"

"चला तर."

आमच्या डोक्यावरच गच्ची होती. तिथे पाण्याच्या टाकीच्या सावलीला रंगाच्या रिकाम्या डब्यांत टोमॅटो लावलेले होते. मी कपडे वाळत घालताना रोज बघत असे आणि रोज मान फिरवत असे, डॉक्टरला लग्नाच्या पंगतीत लोकांचे तीळ दिसावेत तसं. पानं वर वळलेली, कडा पिवळ्या, झाडं गुडघ्याला आलेली नाहीत. मी एका झाडाला टिचकी मारली. पानांखालून पांढरं पीठ उडालं.

"हा बघा व्हायरस," मी म्हटलं. "माझ्या खोलीत जो नाही तो हा. सोसायटीचा. आणि ह्या त्याला नेणाऱ्या माश्या. ह्या मी आणलेल्या नाहीत, ह्या आधीपासून सभासद आहेत."

काका म्हणाले, "ही झाडं आमच्या मिसेसनी लावलीयत."

"असतील," मी म्हटलं. इतकी वर्षं पुण्यात राहून मी नक्की काही शिकले असेन, तर एका शब्दात संभाषण संपवणं.

खाली आल्यावर मला मुळीच बरं वाटलं नाही. वर तो दिवस गुरुवार निघाला, पुण्यात दुरुस्तीसाठी लाइट जायचा वार; गेली ती दुपारभर आली नाही. मी चादरी ओल्या करून पिंजऱ्यांवर टाकत होते, वाळल्या की पुन्हा ओल्या करत होते, आणि कॉम्प्रेसरला, मंजुरीला, साहेबांच्या रजेला एकेक करून शिव्या देत होते. त्यातच बेल वाजली. दारात एक बारीकशा बाई उभ्या होत्या. सुती साडी, पांढरे केस, आणि हातांची बोटं एका बाजूला झुकलेली, सांधे गाठीसारखे वर आलेले. सेक्रेटरींची पत्नी. लिफ्टमध्ये कधीतरी हसून पाहिलं होतं, बोलणं झालं नव्हतं.

"हे तुझ्याशी काहीतरी विचित्र बोलून गेलेत, मला माहीत आहे," काकू म्हणाल्या. "मी माफी मागायला नाही आले. ते त्यांचं त्यांनी बघावं. मला माशी बघायची आहे."

एवढ्या दिवसांत हे वाक्य कुणीच म्हटलं नव्हतं. मी त्यांना आत नेलं, खुर्ची दिली, आणि पिंजऱ्याजवळ भिंग धरलं, कारण त्यांच्या बोटांत ते नीट राहत नव्हतं. त्या बराच वेळ बघत होत्या.

"सुंदर आहे गं. दुधाची साय पंखांना लावल्यासारखी. आणि ह्यांना खरंच काही होत नाही?"

"व्हायरस गेला तरी फारसं नाही. तोच तर प्रश्न आहे."

"का होत नाही?"

"पूर्ण माहीत नाही काकू. थोडं माहीत आहे."

"मग थोडं सांग."

मी ओली चादर नीट केली आणि सांगितलं. माशीकडे आपल्यासारख्या अँटिबॉडी नसतात. तिला लस टोचून उपयोग नाही, तिचं रक्त मागचा शत्रू लक्षात ठेवत नाही. पण तिच्या पेशींना घर झाडता येतं. पेशीत नको ते काही शिरलं, तर पेशी त्याच्याभोवती एक पिशवी बांधते आणि पिशवीतच त्याला विरघळवून टाकते. याला ऑटोफॅजी म्हणतात, म्हणजे स्वतःलाच खाणं. टोमॅटोचा व्हायरस आत आला, की हे झाडणं जोरात सुरू होतं. बराचसा व्हायरस त्यात संपतो. पण सगळा नाही. उरलेला रक्तातून लाळेपर्यंत पोचतो. म्हणजे माशी त्याला पुरता मारत नाही, आणि मोकाटही सोडत नाही.

"आणि तू काय करतेस?"

"मी ते झाडणं बंद पाडते. त्याचा जो जीन आहे त्याला गप्प बसवणारा एक पदार्थ साखरेच्या पाण्यातून माशीला पाजायचा. मग व्हायरसवाल्या झाडावर सोडायचं. आणि बघायचं, आता व्हायरस किती वाढतो, झाडं किती आजारी पडतात, आणि माशी तशीच मजेत राहते का."

काकूंनी आपले हात मांडीवर उलटे ठेवले. "माझं बरोबर उलटं आहे," त्या म्हणाल्या.

त्यांना संधिवात होता, शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उठतं तो. तरुणपणापासून. "माझ्या शरीराला घर झाडायचं इतकं वेड, की ते भिंतीच पाडायला निघालंय. मग डॉक्टर काय करतात, तर त्याला गप्प बसवायच्या गोळ्या देतात. तू माशीला पाजतेस ना, तसंच समज. ते गप्प बसलं, की माझी बोटं जरा बरी राहतात. पण मग बाहेरचं काहीही आत येतं आणि त्याला कुणी अडवत नाही."

मी वाळलेली चादर पुन्हा ओली करून पिंजऱ्यावर टाकली.

"कोरोनात ह्यांनी घराचं हॉस्पिटल केलं होतं," त्या म्हणाल्या. "भाजी साबणाने धुवायचे. कोथिंबीरसुद्धा. आमटीला साबणाचा वास यायचा आणि मी मुकाट्याने खायचे, कारण काही बोललं तर ते पुन्हा धुवायला घ्यायचे. एवढं करून मला झालाच. वर कुणाला सोडत नव्हते, तर हे हॉस्पिटलच्या खाली गाडीत बसून राहायचे. मी खिडकीतून बघायचे, गाडी असायची. तेव्हापासून व्हायरस म्हटलं की ह्यांना पुढचं मागचं ऐकू येत नाही. तू नाही म्हणालीस की हो म्हणालीस, सारखंच."

माझा राग गेला नाही, पण तो आता कुठे ठेवावा ते कळेना. काका चुकीचंच वागले होते. त्यांनी एकदा विचारून घेतलं असतं, तर अख्खी सोसायटी माझ्या दारावरून नाक धरून गेली नसती. आणि तरीही मला ती खाली उभी असलेली गाडी दिसायला लागली.

"मग आमचे टोमॅटो?" काकूंनी विचारलं. "ते बरे व्हायचे का?"

"नाही काकू. त्याला औषध नाही. उपटून टाकलेले बरे. आसपासच्या झाडांनाही होतो, आणि माझी खिडकी जवळ आहे."

मला वाटलं त्यांना वाईट वाटेल. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "चल मग. मी काही टोमॅटोवरून रडणारी बाई नाही. फक्त माझ्या बोटांनी उपटणार नाहीत, तू उपट."

आम्ही दोघींनी भर उन्हात गच्चीवर ती झाडं काढली. मी उपटायचे, त्या काळ्या पिशवीचं तोंड उघडं धरायच्या. पिशवीला गाठ मारून, माश्या आतच मरतील अशी उन्हात ठेवली. घरी जाऊन मी अंघोळ केली, कपडे बदलले आणि मगच पिंजऱ्यांजवळ गेले. तेवढ्यात ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं, "बी विंगमधील भाडेकरू सेक्रेटरींची झाडे उपटताना दिसल्या. हा बदला आहे का?"

मी नवऱ्याला तो संदेश दाखवला. तो इतका हसला, की मला त्याचाही राग आला. थोड्या वेळाने ग्रुपवर काकूंचा आवाज आला, रेकॉर्ड केलेला, कारण त्यांना टाइप करणं जड जायचं. "झाडं माझी, मीच उपटायला लावली. त्यांना रोग होता. आता ज्यांना काम नाही त्यांनी गच्ची झाडावी." नंतर ग्रुप पूर्ण दिवस शांत होता.

तरी रविवार यायचा तो आलाच. धूर मारणारे ठरलेले होते, ते रद्द होणार नव्हते, आणि पावसाळ्याआधी डास मारायला हवेत हेही खोटं नव्हतं. मी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "एसी उद्या होईल, आज सांभाळ." हे त्या रोजच म्हणत होत्या. मी टॅक्सी शोधत होते, पण कपाशीचे पिंजरे मागच्या सीटवर ठेवून नुसतं शहरात हिंडायचंय, असं कुठल्या ड्रायव्हरला कसं सांगायचं? बेल वाजली. काका. हातात गाडीची किल्ली.

"किती वेळ लागेल धूर बसायला?"

"दुपारपर्यंत तरी."

"गाडीला एसी आहे. आमच्या मिसेसनाही धूर चालत नाही, त्यांना बाहेर न्यायचंच आहे. तुमच्या मंडळींना मागे ठेवा."

मंडळी म्हणजे माश्या. मी आणि पिंजरे मागे, काकू पुढे, काका चालवायला, असे आम्ही निघालो. नगर रोडने खराडीपर्यंत गेलो. रविवार असल्यामुळे आयटीवाल्यांचे ते काचेचे मनोरे रिकामे होते. तिथून वळून परत, पुन्हा खराडी. काका सिग्नलला गाडी अशी हळू थांबवत होते, जणू मागे बाळंतीण बसली आहे. एका सिग्नलला त्यांनी आरशातून बघितलं.

"एक बाहेर आली आहे."

खरंच आली होती. चादर सरकली तेव्हा एखादी सुटली असावी. पांढऱ्या माशीला पिवळा रंग आवडतो, कोवळं पान समजून ती पिवळ्यावर बसते, आणि काका पिवळा शर्ट घालून आले होते. ती त्यांच्या खांद्यावर होती.

"मारून टाका काका," मी म्हटलं.

"मारू?"

"हो. सुटलेली परत आत घ्यायची नसते."

"एवढी तिला एसीतून फिरवली, आणि आता मारू?" ते वैतागून म्हणाले. "तुम्हीच मारा काय ती."

सिग्नल सुटला. मागच्यांनी हॉर्न वाजवले. काकू ओठ दाबून खिडकीबाहेर बघत होत्या. मी पुढे वाकून काकांच्या शर्टावर बोट टेकवलं, आणि ते म्हणाले, "झालं? लागलं का काही शर्टाला?"

एसी त्यानंतरच्या बुधवारी सुरू झाला. मी पिंजरे परत नेले. चाचणी केली, सगळ्या माश्या स्वच्छ निघाल्या. मला नाचावंसं वाटलं. मॅडमनी कागद वाचला आणि विचारलं, "गुरुवारी लाइट गेली होती म्हणालीस. खोली किती तापली?"

"तापली होती. मी ओल्या चादरी टाकत होते."

"मग ह्या वापरता येणार नाहीत."

"मॅडम, एकीतही व्हायरस नाहीये!"

"व्हायरस नाही, पण ताप बसलाय त्यांना. उष्णता लागली, की त्यांच्या शरीरात काही प्रथिनं वाढतात, पेशी सावरायला. आणि तीच प्रथिनं व्हायरसलाही अडवतात. आता तू व्हायरस कमी दिसला म्हणालीस, तर तो ऑटोफॅजीमुळे, की त्या गुरुवारमुळे, कसं सांगशील?" त्यांनी चष्मा काढला. "दोन-चार पिढ्या जाऊ देत. शांतपणे वाढू देत त्यांना."

मी मधल्या जिन्यात जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले. गाडीतून खराडीला फिरवलेल्या, सोसायटीशी भांडून वाचवलेल्या त्या सगळ्या माश्या जिवंत होत्या, निरोगी होत्या, आणि माझ्या काहीही कामाच्या नव्हत्या. ही गोष्ट मी त्या दिवशी कुणालाच सांगितली नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. सांगितली असती तर तो पुन्हा हसला असता.

पावसाळा जवळजवळ संपला तेव्हा प्रयोग झाला. जीन गप्प बसवलेल्या माश्यांमध्ये व्हायरस भरपूर वाढला आणि त्यांनी टोमॅटोची रोपंही जास्त आजारी पाडली. म्हणजे ते झाडणं खरंच व्हायरसला धरून ठेवत होतं. माश्यांचं स्वतःचं काय झालं, हे मात्र नीट सांगता येईना. काही लवकर मेल्या, पण जीन न छेडलेल्या माश्यांच्या पिंजऱ्यांतही काही मेल्या होत्या. बाहेरच्या प्रयोगशाळांत आधी साधारण असंच दिसलं होतं, त्यामुळे मॅडम म्हणाल्या, "छान. आता ह्यात आपलं वेगळं काय?" मी घरी येताना काकूंकडे गेले.

काकूंच्या गोळ्या बदलून इंजेक्शन सुरू झालं होतं. उजव्या हाताची बोटं जरा सुटली होती, त्या स्वतः कप धरत होत्या. मी जे झालं ते सांगितलं. काका पेपर वाचत बाजूला बसले होते, आमच्याकडे लक्ष नाही असं दाखवत.

"म्हणजे बंद पाडलं, की झाडांचं वाईट," काकू म्हणाल्या. "मग त्याच्या उलट केलंस तर?"

"तेच पुढे करायचंय. झाडणं वाढवायचं. बघू माशीला ते झेपतं का, की तिचंही तुमच्यासारखं होतं."

"होऊ नये," काकू म्हणाल्या. "दुखतं फार."

काकांनी पेपर खाली ठेवला. "म्हणजे माशीची प्रतिकारशक्ती वाढवली, तर माशीही मारायला नको आणि टोमॅटोही वाचेल, असा तुमच्या संशोधनाचा उद्देश आहे?"

"हो काका."

"मग आधीच नीट सांगायचं नाही का? एवढं साधं आहे!"

मी काकूंकडे बघितलं. त्या कपात तोंड घालून हसत होत्या. काकांनी पेपर पुन्हा उचलला, एक पान उलटलं आणि म्हणाले, "आणि आमच्या जास्वंदीवर काहीतरी पांढरं आलंय. जाताना बघून जा."